भट्टीतली कॅसेट

“ती कॅसेट खाली ठेव, ठोंब्या. ठेव म्हणते ना! कचऱ्यात जाणारे ती.”

“नाही जाणार.”

“माझी आहे.”

“आणि आई? ती काय तुझ्या एकटीची होती?”

झालं. एवढं तोंडातून गेलं आणि खोलीतले सगळे हात जागच्या जागी थांबले. भाची खोक्याला चिकटपट्टी लावत होती, ती पट्टी अर्ध्यातच लोंबत राहिली. संग्रहालयातून आलेली बाई हातमोजे घालून स्लाइडवरची धूळ ब्रशनं झाडत होती. तिनं ब्रश हवेतच धरला आणि आपण इथे नाहीच असा चेहरा केला. ठोंब्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग नणंदेकडे, आणि ट्रे हळूच स्टुलावर टेकवला. भांडण असं रंगात आलं की कप मधे नको, हे या घरात आल्यावर ती पहिल्या वर्षीच शिकली होती.

ठोंब्या म्हणजे काही पोरगा नव्हे. साठीला टेकलेला बेकरीवाला, भुवयांत कायम मैदा. पण थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव ते. चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकंसुद्धा ‘ठोंब्याची बेकरी’च म्हणायची, वरची पाटी कोण वाचतो?

खाली बेकरी, वर ताईचा स्टुडिओ. बाईनं आख्खं आयुष्य या खोलीत कोंबलं होतं. बायकांच्या कामाचे व्हिडिओ, शिवणयंत्रांचे आवाज भरलेल्या टेपा, स्लाइड, मोर्च्यांची पोस्टरं. पोटात टीव्ही बसवलेली एक पुठ्ठ्याची बाई, जिला अंधारात बघून मीटरवाला एकदा जिन्यावरून उलटा पळाला होता. आणि वर्तमानपत्रातली कात्रणं. ताई नुसती कलाकार नव्हती ना, टीकाही लिहायची, आणि लिहायची म्हणजे भल्याभल्यांची पिसं काढायची. बाईला स्वयंपाकघरात बसवून सुंदर दाखवणाऱ्या चित्रकारांची तर तिनं अशी काही सालटी काढली होती की दोघंतिघं अजून तिला बघून रस्ता बदलायचे.

आता हे सगळं उद्या संग्रहालयात जाणार होतं. तिथे थंड खोली, नीट कपाटं, शिकणाऱ्या पोरी येऊन बघणार. ताई खूश होती. तिचा एकच हट्ट होता. खोकी तिच्याच पद्धतीनं राहिली पाहिजेत. आणि तिची पद्धत जगावेगळी. साल नाही, विषय नाही. रागाप्रमाणे लावलेलं. एका खोक्यावर ‘चिडचिड’, दुसऱ्यावर ‘संताप’, तिसऱ्यावर ‘वकिलाला विचारणे’. ‘हसू आलं’ असंही एक होतं, अगदीच चिमुकलं. संग्रहालयवाली पहिल्या दिवशी चक्रावली होती. “मॅडम, हे ‘संताप’ साधारण कुठल्या सालचं?” तर ताई म्हणाली, “सगळ्याच सालचं.” 

आणि खिडकीखालच्या खोक्यावर नुसतं ‘गप्प’ लिहिलेलं. त्यात ही एकच कॅसेट. जुन्या तऱ्हेची, विटेएवढी.

“त्यात आई बोलते,” ठोंब्या म्हणाला. आता आवाज खाली आला होता. “तिचा आवाज दुसऱ्या कशातच नाही. फोटो आहेत, पण फोटो काय बोलतात? मला ऐकायचंय.”

“मामा, ही ‘पीठ’ची मूळ टेप आहे?” भाचीचे डोळे चमकले. “आई, तू तर म्हणालीस ती हरवली!”

‘पीठ’ म्हणजे ताईचं सगळ्यात गाजलेलं काम. पडद्यावर फक्त दोन हात. नखांना लालभडक रंग, आणि ते हात पीठ मळतात. मळतात, आपटतात, दुमडतात, परत मळतात. वरून ताईचा आवाज, बाईच्या कामाबद्दल. देशोदेशी दाखवलं गेलं. त्या हातांवर लोकांनी लेख लिहिले, प्रबंध लिहिले. ताईनं स्वतः एक जाड पुस्तक लिहिलं. पण जे फिरलं ते कापलेलं आणि मूळ आवाज पुसलेलं. पूर्ण टेप कुणी बघितलीच नव्हती.

“हरवली नव्हती, खराब झालीये,” ताई म्हणाली. “लावली की किंचाळते. आतलं यंत्र काळं करते.”

संग्रहालयवाली आता मात्र पुढे आली. तिनं कॅसेटचं झाकण उचललं, वास घेतला. “दमट हवा खाल्लीये हिनं. फितीवरचा थर चिकट होतो. पण वाचते ही. हलक्या कोरड्या गरमीत बराच वेळ ठेवायची, पाणी निघून जातं. मग थोडे दिवस चालते, तेवढ्यात कॉपी काढून घ्यायची. आमच्याकडे त्याचं कपाट आहे, पण त्याच्यासमोर मोठी रांग आहे. पुढच्या वर्षी नंबर लागेल.”

“कोरडी गरमी?” ठोंब्या म्हणाला. “मग आम्ही टोस्ट कशात वाळवतो?”

“अजिबात नाही!” ताई ओरडली.

“राहू दे ना रे,” बायको मधे पडली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. एरवी मिठाच्या डब्यावरून नणंदेशी वाद घालणारी बाई आज तिच्या बाजूनं! “काम ताईंचं आहे. त्यांना नको असेल तर नको. बाईनं केलेल्या कामावर शेवटचा शब्द तिचाच पाहिजे. हे मी ताईंकडूनच शिकले.”

“शाब्बास, भावजयबाई,” ताई म्हणाली. पण तिचा चेहरा काही शाब्बास म्हणणाऱ्या माणसाचा दिसत नव्हता. चोरी पकडलेल्या पोरीसारखी ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग एकदम ठोंब्याचं मनगट धरून तिनं त्याला ओढत मागच्या गॅलरीत नेलं आणि दार लावून घेतलं.

गॅलरीत मैद्याची रिकामी पोती वाळत होती. खालून भाजल्या पावाचा वास येत होता.

“वेड लागलंय का तुला?” ताई दबक्या आवाजात फिस्कारली. “त्यात तू दिसतोस!”

“माहितीये.”

“तोंडासकट दिसतोस! मी शेवटी कॅमेरा वर केला होता.”

“माहितीये, ताई. मी तिथेच होतो.”

हे असं होतं. ते हात ताईचे नव्हते. ज्या मैत्रिणीनं शूटिंग करायचं कबूल केलं होतं तिनं ऐन वेळी टांग दिली, आणि उसना आणलेला तो अवजड कॅमेरा संध्याकाळी परत करायचा होता. कॅमेरा ताईनं खांद्यावर घेतला. मग मळणार कोण? ठोंब्या. तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला, काडीसारखा, हात बघाल तर मुलीचेच. ताईनं त्याची नखं रंगवली. आपलं एक बारीक चांदीचं कडंही चढवलं. “फक्त हात दिसणार आहेत, कुणाला कळतंय?” आणि खरंच कळलं नाही. कुणालाच, कधीच. नखांचा रंग मात्र निघता निघेना. बापानं बघितलं आणि त्याला आठवडाभर गल्ल्यावर बसू दिलं नाही.

“मी त्या हातांवर पुस्तक लिहिलंय,” ताई म्हणाली. “‘या बोटांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांचा थकवा आहे’ असं लिहिलंय मी. तुझ्या बोटांत! तू त्या दिवशी दोन पाव खाऊन झोपला होतास.”

ठोंब्याला हसू फुटलं. ताईनं डोळे वटारले, पण तिचंही तोंड वाकडं झालं.

“हसू नकोस. लोक म्हणतील, आयुष्यभर दुसऱ्यांचा खोटेपणा उघडा पाडला आणि हिचं स्वतःचं?”

“मी कधी बोललो? इतकी वर्षं? बायकोलासुद्धा सांगितलं नाही.”

“तेच तर. मग आत्ताच काय झालं?”

ठोंब्यानं कॅसेट पोत्यावर ठेवली. बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मळायला सांगा, दिवसभर मळेल. “परवा मी पाव काढत होतो. आई काय म्हणायची ते आठवायला गेलो. शब्द आठवतात, आवाजच येत नाही. तुझ्या आवाजात येतं, नाहीतर बायकोच्या. आईचा येतच नाही. मी उभाच राहिलो. लादी करपली.”

खालच्या गल्लीत कुणीतरी शटर वर केलं. ताईनं पोत्यावरचा मैदा बोटानं पुसला, बोटाकडे बघितलं.

“मलाही येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर खोक्यावर ‘गप्प’ लिहिलं.” मग नाक ओढून, “भाज जा. पण बघायची आपण दोघांनीच. कळलं? दोघांनीच.”

त्या दिवशी टोस्टची पाळी ठोंब्यानं रद्द केली. पावाचं पीठ फुगायला ठेवतात त्या कपाटाकडे भाची कॅसेट घेऊन निघाली होती, तिला त्यानं वाटेतच अडवलं. “अगं, तिथे वाफ असते! भिजेल ती.” टोस्टची छोटी भट्टी विझवून, दार उघडं टाकून, आत हात धरवेल इतकीच गरमी ठेवली. संग्रहालयवालीनं आपला तापमापक आत टांगला. ठोंब्या आपला तळवा आत धरून बघायचा, ती काटा बघायची, आणि दोघं एकदमच मान हलवायचे. तिला मोठी मजा वाटत होती. ऑफिसात असं कुणी पाव खायला देत नाही म्हणाली.

कॅसेट जाळीवर, टोस्टच्या जागी. मधूनमधून उलटवायची. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं आत डोकावून विचारलं, “हे काय नवीन काढलंत?” ठोंब्या म्हणाला, “चॉकलेटचं आहे. उद्या या.”

दुपारी बायको भट्टीपाशी स्टूल घेऊन बसली. तिच्या मांडीवर निवडायच्या मनुका होत्या. ती ठोंब्याला त्याच्या नावानंच हाक मारायची, अरेतुरे करायची. लग्नाआधी ताईच्या बायकांच्या गटात होती ना ती. ताईसमोर ‘अहो’ म्हणायची कुणाची छाती?

“तुला माहितीये, मी पहिल्यांदा ‘पीठ’ कुठे बघितलं?” ती म्हणाली. “एका शाळेच्या हॉलमध्ये. पंखा बंद, घामाच्या धारा. आणि ते हात. मी घरात भांडून आले होते. ते हात बघितले आणि मला वाटलं, हे हात कुणाला मारणार नाहीत. ज्या घरात असे हात आहेत तिथे मला जायचंय. म्हणून ताईंकडे आले. मग तू भेटलास.”

ठोंब्यानं तिच्या मांडीवरची एक मनुका उचलून तोंडात टाकली. “हं,” तो म्हणाला.

“हं काय? तुझी मळायची पद्धतही तशीच आहे, अंगठा आत दुमडून. ताईंनी शिकवलं असेल तुला.”

ताईनं आयुष्यात चपाती लाटली नव्हती. ठोंब्याला सांगावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण गॅलरीतलं ‘दोघांनीच’ आठवलं आणि तो उठून कॅसेट उलटवायला गेला. भट्टीत डोकं घालून तो जरा जास्तच वेळ उभा राहिला.

रात्रभर कॅसेट भट्टीतच निवत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. माणसं ‘चिडचिड’ आणि ‘संताप’ उचलून जिना उतरायला लागली. ‘वकिलाला विचारणे’ एवढं जड होतं की दोघांनी मिळून धरलं. पुठ्ठ्याची बाई पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसवली. तो बिचारा तिच्याकडे बघेचना.

वर संग्रहालयवालीनं जुनं यंत्र जोडलं, कॉपीची तार लावली. ताई दारात उभी राहिली. “आता सगळ्यांनी खाली जा. फक्त मी आणि ठोंब्या.”

“मॅडम, यंत्र मला चालवायला लागेल,” संग्रहालयवाली म्हणाली. “फीत अडकली तर तिथल्या तिथे थांबवायला हवं. परत संधी नाही.”

“मी पण थांबणार,” भाची म्हणाली. “माझी आजी आहे. मी तिला बघितलंसुद्धा नाही.”

“मग मी तरी कशाला जाऊ?” बायको म्हणाली आणि मनुकांची वाटी घेऊन सरळ खाली बसली.

ताईनं ठोंब्याकडे बघितलं. ठोंब्यानं खांदे उडवले. इतक्या बायका एकदम ठाण मांडून बसल्या की तो कधीच मधे पडायचा नाही, हेही ताईनंच शिकवलेलं. “बरं,” ती म्हणाली. आणि पदवी घ्यायला जावं तशी ताठ मानेनं खुर्चीत जाऊन बसली.

बटण दाबलं. आधी नुसता बर्फ पडल्यासारखा पडदा. एक खरखर. मग हात आले.

किंचाळली नाही फीत. एकदम शहाण्यासारखी चालली. लाल नखं, बारीक कडं, पीठ. आणि पहिल्यांदाच आवाज. पीठ ओट्यावर आपटल्याचा धप, नळाचं टिपटिप, लांब कुठेतरी सायकलची घंटी. हात मळत राहिले. मग चपला फरफटत आल्या.

“हे काय चाललंय?”

ठोंब्याचं अंग एकदम ताठ झालं. थोडा घोगरा आवाज, शेवटी वर चढणारा. तोच. दुसऱ्या कुणाचा असणारच नाही असा. हा आपण विसरलोच कसा?

“आणि नखं कसली रंगवलीत, ठोंब्या? बाबा बघतील तर फोडून काढतील! मीठ घातलंस का पिठात?”

“घातलं गं,” एक फाटका पोरगेला आवाज म्हणाला.

बायकोच्या हातातून मनुकांची वाटी घरंगळली.

“आणि तू गं? ते धूड खांद्यावर घेऊन काय उभी? पाठ मोडेल. कोण बघणार आहे हे?”

“बघेल कुणीतरी, आई.” ही ताई. तरणी, चिडलेली.

“मग आधी ओटा तरी पुसून घ्या!”

एक फडकं पडद्यावर आडवं फिरलं, त्यामागे आईचं मनगट, ओलं. कॅमेरा हलला, हसता हसता वर गेला. आणि पडद्यावर ठोंब्या. काडीएवढा, गालावर मैदा, रंगवलेल्या बोटांनी तोंड दाबून खदाखदा हसणारा. मग परत बर्फ.

भाची रडत होती की हसत होती कळत नव्हतं. संग्रहालयवाली यंत्राकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

बायको उठली. ठोंब्यासमोर येऊन उभी राहिली, त्याचा उजवा हात उचलला, उलटा केला, अंगठा आत दुमडून बघितला.

“तू?”

“हो.”

“इतकी वर्षं मी तुला सांगतेय, त्या हातांमुळे मी या घरात आले. आणि तू ‘हं’ म्हणतोस? हं?”

“काय म्हणू मग? ताईचं काम होतं.”

“ठोंब्या नाव बरोबर ठेवलंय तुझं!” ती म्हणाली. रागानं तिचे कान लाल झाले होते. पण हात काही सोडला नाही. “आणि बरं झालं, हात तुझेच निघाले. मी उगाच सगळं श्रेय या बाईला देत होते.”

“ए! पिढ्यान्‌पिढ्यांचा थकवा म्हणे!” भाची ओरडली. “आई, तुझ्या पुस्तकाचं काय करायचं आता?”

सगळे ताईकडे वळले. ठोंब्याला वाटलं, आता ही उठेल, तार उपटेल, कॅसेट गॅलरीतून खाली भिरकावेल. ताई उठली खरी. पण खोलीत येरझाऱ्या घालायला लागली, भराभर, नवीन लेख सुचला की घालायची तशा.

“फडकं कुणी मारलं?” ती म्हणाली.

“आईनं,” ठोंब्या म्हणाला.

“आईनं! पोरगा कौतुकानं मळतोय, पोरगी कौतुकानं शूटिंग करतेय, आणि ओटा पुसायला कोण? खरे हात तेवढेच होते त्या सगळ्या फिल्ममध्ये, आणि मी तेच कापून टाकले! आवाजसुद्धा पुसला! कसली आंधळी बाई होते मी! आणि इतक्या वर्षांत एकाही गाढवानं हे लिहिलं नाही. नुसती आरती ओवाळत बसले. मी लिहिणार. माझ्यावर मीच लिहिणार, आणि असं लिहिणार की वाचून मला घाम फुटला पाहिजे. पेन कुठेय? सगळी पेनं खोक्यात भरलीत का रे?”

ती चिडली होती, जोरात चिडली होती, आणि ठोंब्यानं कित्येक वर्षांत तिला इतकं खूश बघितलं नव्हतं.

भाचीनं ‘गप्प’ लिहिलेलं खोकं पुढे केलं. ताईनं त्यावरचा शब्द खोडला, जरा थांबली. “काय लिहू?”

“‘ओटा पुसा’ लिही,” ठोंब्या म्हणाला. ताईनं लिहिलं.

खालून गाडीवाल्यानं हॉर्न दिला. संग्रहालयवाली चिठ्ठी आणि पेन घेऊन ठोंब्यापाशी आली. “टेपवर नावं लागतील. कॅमेरा, मॅडम. आवाज आणि फडकं, आजी. हात... तुमचं खरं नाव काय हो?”

ठोंब्यानं तोंड उघडलं. इतक्यात खालून, बेकरीच्या मागच्या खोलीतून, तो वास आला. आंबूस, गोडसर, पीठ टोपाच्या काठावर चढतंय असा. आईच्या काळापासून त्या वासापुढे या घरात कुणाचं काही चाललेलं नव्हतं.

“ते हिला विचारा,” बायकोकडे बोट करत तो म्हणाला, आणि दोन पायऱ्या एकदम उतरत सुटला. “पीठ वर आलंय. मला निघायलाच हवं आता.”